कासेची दगडी

गाईला दगडी झाली, असे आपण म्हणतो. कास दगडासारखी कठीण होते, म्हणून दगडी. डॉक्टर लोक या रोगाला कासदाह म्हणतात. दाह म्हणजे आग. हा शब्द तोंडाने सावकाश वाचा. का-स-दा-ह. अक्षरे चार. गाईचे सडही चार. हा चाराचा आकडा पुढे कामाला येणार आहे, तो ध्यानात ठेवा.

हा धडा गाईवर आहे. म्हैस असली तरी बहुतेक सगळे तेच. जिथे फरक आहे, तिथे तसे सांगेन.

एका घरची गोष्ट

समजा, पनवेलच्या पुढे एका गावात एक घर आहे. घरधनी लालबागला एका दुकानात नोकरीला आहे. शनिवारी रात्री गावी येतो, सोमवारी पहाटे परत जातो. घरी म्हातारी आई, बायको आणि दोन मुले. दारात एक संकरित गाय. गाय बचत गटाच्या कर्जातून घेतली आहे. हप्ता दुधातून फिटतो. मुलांच्या वह्या दुधातून येतात. म्हातारीचे औषधही दुधातूनच.

एके दिवशी सकाळी सून धार काढायला बसली. मागच्या उजव्या सडाला हात लावला, तशी गाईने लाथ झाडली. ही गाय कधी लाथ मारत नसे. धार आली ती पाण्यासारखी पातळ. तिच्यात दह्याच्या कवडीसारखे तुकडे.

सून म्हणाली, "आत्याबाई, जरा इकडं या. दूध नासल्यासारखं येतंय."

सासू म्हणाली, "दृष्ट लागली असेल. काल कोण कोण आलं होतं दूध न्यायला? मीठमोहऱ्या उतरून टाक."

कुंपणापलीकडून शेजारी बोलला, "वहिनी, दृष्ट कसली घेऊन बसलात? धामण पिऊन गेली असणार. रात्री गोठ्यात शिरते, गाईच्या पायांना वेटोळं घालते आणि दूध पिते."

मीठमोहऱ्या उतरल्या. काठी घेऊन धामण शोधली. धामण काही सापडली नाही. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी कास लाल झाली, तापली. गाय वैरणीला तोंड लावीना. चौथ्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनी गाय वाचवली. पण तो सड गेला. त्यातून पुन्हा धार आली नाही.

आता हिशोब करू. गाईच्या मागच्या दोन सडांतून पुढच्या दोहोंपेक्षा जास्त दूध येते. शंभर भागांतले साधारण साठ भाग मागचे. गाय दिवसाला १० लिटर देत असली, तर मागच्या दोहोंचे मिळून ६ लिटर. एका सडाचे ३ लिटर. लिटरला ३० रुपये भाव धरा. रोजचे ९० रुपये गेले. महिन्याचे २७०० रुपये. उरलेले तीन सड थोडी भर काढतात, पण सगळी नाही. गाय तेवढीच वैरण खाते. कर्जाचा हप्ता तेवढाच राहतो.

मला विचाराल तर यात दृष्टीचा काही संबंध नाही. धामणीचाही नाही. सापाला आपल्यासारखे मऊ ओठ आणि गाल नसतात. त्याला चोखता येत नाही. त्याचे दात मागे वळलेले असतात. तो सडाला लागला, तर गाय काय गुपचूप उभी राहील? गोठा डोक्यावर घेईल. धामण गोठ्यात येते ती उंदरांसाठी. ती शेतकऱ्याचे धान्य राखते. आपण मात्र तिच्यावर दूधचोरीचा आळ घालतो आणि खरा चोर मोकळा सोडतो.

खरा चोर डोळ्यांना दिसत नाही. तो जंतू आहे.

कास आतून कशी असते

कास बाहेरून एक दिसते. आतून ते चार वेगळे कोठे आहेत. प्रत्येक सडाचा आपला कोठा. एका कोठ्यातले दूध दुसऱ्यात जात नाही. चाळीत चार बिऱ्हाडे शेजारी शेजारी असतात, भिंती मात्र वेगळ्या. तसेच हे. म्हणून एक सड बिघडतो आणि बाकीचे तीन चांगले दूध देतात. आणि म्हणूनच दूध तपासायचे ते चारी सडांचे वेगवेगळे तपासायचे. सगळे एका चरवीत काढून पाहिले, तर चांगल्या दुधात वाईट दूध लपून जाते.

कोठ्यात अगदी बारीक बारीक पिशव्या असतात, द्राक्षांच्या घडासारख्या. गाईच्या रक्तातून सामान घेऊन त्या पिशव्या दूध तयार करतात. तिथून दूध नळ्यांनी खाली सडात उतरते. सडाच्या टोकाला एक लहान छिद्र असते. त्याच्याभोवती स्नायूची कडी असते. बटव्याची दोरी ओढली की तोंड बंद होते, तशी ही कडी छिद्र आवळून धरते. म्हशीची कडी गाईपेक्षा घट्ट असते. म्हणून म्हशीला धार काढताना जोर जास्त लागतो आणि दगडीही तिला गाईच्या मानाने थोडी कमी होते. कमी होते म्हटले, होत नाही असे नव्हे.

आता महत्त्वाची गोष्ट ऐका. धार काढल्यावर ही कडी लगेच आवळत नाही. अर्धा ते एक तास छिद्र थोडे उघडे राहते. तेवढ्या वेळात गाय शेणामुतात बसली, तर काय होईल? चोराला दार उघडे मिळाले. म्हणून शहाणे गोठेवाले धार काढल्यावर गाईपुढे वैरण टाकतात. गाय खात उभी राहते, तोवर दार बंद होते. याला पैसा लागत नाही. जी वैरण आधी टाकत होता, ती नंतर टाकायची, इतकेच.

जंतू येतो कुठून

जंतू दोन वाटांनी येतो.

पहिली वाट हातांची. काही जंतू आजारी कासेतच राहतात. धार काढणारा आजारी सडाला हात लावतो, तोच हात पुढच्या गाईला लावतो. जंतू हातावर बसून पुढे जातो. एकाच फडक्याने चार गाईंची कास पुसली, तरी तेच. धार सुरू होताना दुधाचा थेंब हातावर घेऊन सड ओले करायची सवय पुष्कळांना असते. ती याच वाटेने नडते. या जंतूंची नावे स्टॅफिलोकोकस आणि स्ट्रेप्टोकोकस. नावे अवघड आहेत, पाठ करू नका. एक द्राक्षांच्या घडासारखा दिसतो, दुसरा मण्यांच्या माळेसारखा. घडासारखा दिसणारा फार चिवट. तो कासेत आत जाऊन दडून बसतो. औषध तिथपर्यंत नीट पोचत नाही. जनावर बरे झालेसे वाटते आणि महिन्याने पुन्हा तेच.

दुसरी वाट जमिनीची. शेणात, चिखलात, ओल्या भुश्शात, साचलेल्या पाण्यात जंतू असतातच. त्यांपैकी ई. कोलाय हा एक. तो पावसाळ्यात जोर करतो. तो आत शिरला की काही तासांत गाय आडवी होते. कान थंड पडतात, डोळे खोल जातात, दूध ताकाच्या निवळीसारखे येते. अशा वेळी सकाळची संध्याकाळ करू नये. गाय जिवाला मुकते.

दार तुटलेले असले, की चोराला आणखी सोपे. वासराचा दात लागतो. काटेरी कुंपणाने सड ओरखडतो. दुसरे जनावर तुडवते. आपली वाढलेली नखे आणि बोटातली अंगठी लागते. पण सगळ्यांत मोठी चूक धार काढण्यात होते. पुष्कळ जण अंगठा मुडपून, त्याच्या सांध्याखाली सड दाबून ओढतात. दूध लवकर येते खरे. पण सड आतून चेचतो. धार मुठीने काढावी. सगळी बोटे सडाभोवती गुंडाळावी आणि वरून खाली एकेक बोट दाबीत जावे. वासरू आचळ तोंडात धरते आणि दाबते, ओढून लांबवीत नाही. तिच्याकडून हे शिकण्यासारखे आहे.

जंतू आत गेल्यावर काय होते? गाईच्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्या शिपायांसारख्या आहेत. चोर शिरला, की शिपाई धावतात. हजारांनी, लाखांनी धावतात. लढाई होते. तिथे रक्त जमा होते, म्हणून कास लाल दिसते, तापते, सुजते, दुखते. मेलेले शिपाई, मेलेले जंतू आणि गोठलेले दूध यांचे तुकडे धारेत येतात. तीच ती कवडी. लढाई लांबली, तर द्राक्षांसारख्या त्या पिशव्या मरतात. त्यांच्या जागी जखमेच्या वणासारखे कठीण मांस भरते. वण दूध देत नाही. झाली दगडी. एकदा झालेली दगडी मऊ करण्याचे औषध अजून निघालेले नाही. म्हणून सगळा भर आहे तो लवकर ओळखण्यावर.

डोळ्यांना दिसणारी दगडी

धार काढण्यापूर्वी प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या काढा. चरवीत नको, जमिनीवरही नको. जमिनीवर काढल्या, तर जंतू गोठ्यात पसरतात. एक वाटी घ्या. तिच्या तोंडावर काळे स्वच्छ फडके ताणून बांधा. त्यावर धार मारा. काळ्यावर पांढरे चटकन दिसते. कवडी असली, तर फडक्यावर अडकते. दूध पाण्यासारखे आहे का, पिवळसर आहे का, रक्ताची छटा आहे का, तेही पाहा. मग फडके उकळत्या पाण्यात धुऊन वाळवा. रोजचे हे एक मिनिटाचे काम. त्या गोष्टीतल्या सुनेने पहिल्या दिवशी कवडी पाहिली होती. डोळा तिचा बरोबर होता. फक्त त्या कवडीचा अर्थ तिला कोणी सांगितला नव्हता.

मग हाताने कास चाचपा. चारी कोठे एकमेकांशी ताडून पाहा. एक दुसऱ्यापेक्षा गरम आहे का? कठीण आहे का? धार काढल्यावर निरोगी कास रिकाम्या पिशवीसारखी मऊ पडते. एखादा कोठा भरलेलाच राहिला, तर संशय घ्या. गाय त्या बाजूचा पाय फाकवून चालते का, तेही पाहा. घरात तापमापक असेल तर ताप मोजा. गाईच्या अंगाची नेहमीची उष्णता साधारण १०१ ते १०२ अंश असते. १०३ च्या वर गेली तर ताप समजा.

इथे एक घोटाळा होतो. गाय व्यायला झाली, की कास फुगते. कधी पोटाखालपर्यंत सूज येते. लोक घाबरतात. ही पुष्कळदा नुसती पाणी उतरल्याची सूज असते. ओळखायची कशी? बोटाने दाबा. बोट काढल्यावर खड्डा तसाच राहिला, गाईला दुखले नाही, सूज चारी बाजूंना सारखी आहे आणि दूध स्वच्छ आहे, तर ती दगडी नव्हे. ती काही दिवसांत ओसरते. व्याल्यावर पहिले काही दिवस चारी सडांच्या दुधात किंचित गुलाबी झाक दिसते, तीही बहुधा दगडी नव्हे. पण एकाच सडातून रक्त येते, कवडी आहे, कोठा गरम आहे, तर मात्र थांबू नका.

डोळ्यांना न दिसणारी दगडी

आता जास्त अवघड गोष्ट. पुष्कळ वेळा दगडी दिसतच नाही. कास मऊ असते. दूध पांढरे असते. गाय खाते, रवंथ करते. तरी आत लढाई चालू असते. फक्त दूध थोडे थोडे कमी होते. दहाचे नऊ, नवाचे साडेआठ. आपण म्हणतो, वैरण बदलली, ऊन वाढले, वासरू प्यायले. या लपलेल्या दगडीचे प्रमाण दिसणाऱ्या दगडीपेक्षा कितीतरी जास्त असते. घरात रोज दोन रुपये चोरीला गेले, तर कळत नाही. एकदम दोन हजार गेले, तर आपण ओरडतो.

ही ओळखायची कशी? दुधातले शिपाई मोजून. एक मिलिलीटर म्हणजे साधारण वीस थेंब. एवढ्या दुधात निरोगी गाईच्या पेशी दोन लाखांच्या आत असतात. त्याच्या वर गेल्या, तर त्या सडात जंतू असण्याचा संभव मोठा.

लाखांचा आकडा गोठ्यात बसून कोण मोजणार? त्यावर १९५७ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात शाल्म आणि नूरलँडर या दोघांनी एक सोपी युक्ती काढली. चार वाट्यांची एक ताटली घ्यायची. प्रत्येक वाटीत एका सडाचे थोडे दूध. त्यात तेवढेच एक औषधी पाणी घालायचे आणि ताटली गोल गोल हलवायची. त्या पाण्यात साबणासारखा पदार्थ असतो. तो पेशींची कातडी फोडतो. आतला धाग्यांसारखा पदार्थ बाहेर येतो आणि दूध घट्ट, चिकट होते. पेशी जितक्या जास्त, तितके दूध घट्ट. डॉक्टरांकडे ही ताटली असते. पुढच्या वेळी ते आले, की हट्ट धरून बघून घ्या.

हीच परीक्षा कपडे धुण्याच्या पावडरीने घरीही होते. अर्धा लिटर पाण्यात साधारण १५ ग्रॅम पावडर विरघळवा. चार बश्या घ्या. खडूने खुणा करा : पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. पहिल्या धारा सोडून द्या. मग प्रत्येक बशीत एकेका सडाचे दोन चमचे दूध घ्या. त्यात दोन चमचे पावडरीचे पाणी घाला. बशी हळूहळू गोल फिरवा आणि पाहा. दूध पहिल्यासारखेच पातळ राहिले, तर सड बरा आहे. बुळबुळीत धागे दिसू लागले, तर संशय. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे घट्ट होऊन बशीच्या मधे गोळा झाले, तर त्या सडात लपलेली दगडी आहे. मग ते मिश्रण खड्ड्यात ओता. माणसाच्या किंवा जनावराच्या तोंडी जाऊ देऊ नका. बश्या या कामाला वेगळ्याच ठेवा.

ही परीक्षा चिकाच्या दुधावर करू नका. व्याल्यावर आठवडाभर आणि गाय आटत आली असताना दूध निरोगी सडाचेही घट्ट होते. फुकट घाबराल.

आणखी एक खूण आमच्या आयाबायांना पूर्वीपासून ठाऊक आहे. दगडीच्या सडाचे दूध खारट लागते. कारण त्यात दुधाची साखर कमी होते आणि रक्तातले मीठ उतरते. तरी चाखून पाहायला मी सांगणार नाही. ते दूध कच्चे पोटात जाणे बरे नव्हे. बशीची परीक्षा त्यापेक्षा चांगली.

परळला काय होते

परळ म्हटले, की गावच्या माणसाला केईएम आठवते, टाटा आठवते. आजारी माणूस घेऊन आपण तिथे जातो. पण त्याच परळला जनावरांचे मोठे इस्पितळ आहे. त्याला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांचे नाव आहे. तिथेच १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. देशातल्या जुन्यात जुन्या अशा महाविद्यालयांपैकी ते एक. गुरांचे डॉक्टर तिथे तयार होतात.

मुंबईत गुरांचे डॉक्टर कशाला, असे वाटेल. पण ही मुंबई एके काळी गुरांनी भरलेली होती. गिरगावला लागून भुलेश्वरला १८३४ सालची पांजरापोळ आहे. भर वस्तीत तिथे आजही गाई आहेत. शहरात ठिकठिकाणी म्हशींचे तबेले होते. गिरगाव-दादरच्या चाळींत दूध तिथूनच येई. जागा थोडी, जनावरे दाटीने बांधलेली, खाली ओल, आणि एकेक गवळी कितीतरी म्हशींच्या धारा त्याच हातांनी काढणारा. वर सांगितलेल्या दोन्ही वाटा तिथे उघड्या. म्हैस आटली, की पुष्कळदा तिची रवानगी खाटकाकडे होई. हे तबेले शहराबाहेर न्यावेत म्हणून सरकारने १९४९ साली गोरेगावला आरे कॉलनी वसवली. १९५१ साली पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. शहरातले सगळे तबेले गेले असे नाही, पण हजारो म्हशींना मोकळी जागा मिळाली.

आता आपल्या गोष्टीतल्या घराकडे वळू. वर्ष गेले. गाय पुन्हा व्याली. या वेळी सुनेने बशीची परीक्षा केली. पुढच्या डाव्या सडाचे दूध घट्ट झाले. तिने तालुक्याच्या दवाखान्यात दाखवले. डॉक्टर म्हणाले, "जंतू कोणता आहे ते कळलं तर औषध नेमकं देता येईल. दूध प्रयोगशाळेत पाठवू." घरधनी लालबागलाच असतो. तिथून परळ पायी जाण्याइतके जवळ. त्याने बाटली न्यायचे ठरवले.

बाटली भरण्याची रीत आहे. ती चुकली, तर गोठ्यातले जंतूच बाटलीत जातात आणि निदान चुकते. बाटली प्रयोगशाळेची किंवा दवाखान्याने दिलेली, निर्जंतुक हवी. घरची औषधाची जुनी बाटली चालत नाही. हात धुवा. सड धुऊन कोरडा करा. सडाचे टोक स्पिरिटच्या कापसाने पुसा. कापूस काळा निघाला, तर दुसरा घ्या. पहिल्या धारा टाकून द्या. बाटली आडवी धरा, म्हणजे वरून केस, धूळ पडणार नाही. झाकण जमिनीवर ठेवू नका. थोडे दूध पुरते. बाटली लगेच बर्फात ठेवून शक्यतो त्याच दिवशी पोचवा. आणि हे सगळे पहिले इंजेक्शन देण्यापूर्वी. औषध दिल्यावर घेतलेल्या दुधात जंतू अर्धमेले असतात, ते उगवत नाहीत.

उगवत नाहीत, असे मी म्हटले ते मुद्दाम. प्रयोगशाळेत जंतू पेरतात. काचेच्या चपट्या बशीत समुद्री शेवाळापासून केलेली खळ असते. तिच्यात मेंढीचे रक्त मिसळलेले असते. त्यावर दुधाचा थेंब पसरतात आणि बशी उबेत ठेवतात. एका-दोन दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके दिसू लागतात. प्रत्येक ठिपका म्हणजे जंतूंची वसाहत. ठिपक्याचा रंग, आकार, भोवतालच्या रक्ताचे काय झाले यावरून आणि आणखी काही परीक्षा करून जंतूची जात कळते. मग दुसऱ्या बशीत तो जंतू पेरून त्यावर वेगवेगळ्या औषधांच्या चकत्या ठेवतात. ज्या चकतीभोवती मोकळे कडे पडते, ते औषध त्या जंतूला मारते. जिच्याभोवती जंतू तसेच वाढतात, ते औषध फुकट.

पेनिसिलिन हे औषध अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली सापडले. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली सरकारी कारखाना निघाला आणि ते आपल्याकडे बनू लागले. त्या काळी त्याने पुष्कळ जंतू मरत. पण अर्धवट औषध देऊन देऊन जंतू शिकले. आज कित्येक जंतू पेनिसिलिनला भीक घालत नाहीत. शेजाऱ्याच्या गाईला लागू पडलेली नळी आपल्या गाईला लागू पडेलच असे नाही. दोन दिवसांत कवडी थांबली म्हणून औषध बंद करणे, हे सगळ्यांत वाईट. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले, तितके दिवस द्यायचे.

कोरफड, हळद आणि चुना यांचा लेप कासेला लावतात. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळही तो शिकवते. लेप जरूर लावा. पण लेप लावला म्हणून डॉक्टरला बोलावण्यात दिवस घालवू नका. आणि कोणी डाग द्या म्हणाला, तर त्याला सरळ घरी पाठवा. भाजल्याने जंतू मरत नाही, गाय तेवढी सोसते.

दुधाचे काय करायचे

इथे खिशाचा प्रश्न येतो, म्हणून स्पष्ट बोलतो. कवडीचे दूध विकू नये. उकळले की जंतू मरतात हे खरे. पण घडासारख्या जंतूचे विष उकळूनही तसेच राहते. त्याने वांत्या, जुलाब होतात. औषध चालू असलेल्या गाईचे दूधही विकू नये, चारी सडांचे. औषध रक्तातून सगळीकडे जाते. उकळल्याने ते पुरते जात नाही. असे दूध घरात आले, की विरजण नीट लागत नाही. दह्याचे जंतूच औषधाने मरतात. त्या दुधाचा चहा लालबागच्या एखाद्या चाळीत लहान मूल पीत असेल. ते आपलेच असू शकते.

"मग पाच-सहा दिवस खायचं काय?" असे सून विचारील. प्रश्न खोटा नाही. एकाच गाईवर घर चालते, तिथे पाच दिवस फार मोठे. पण लपलेली दगडी बशीत दिसते, तेव्हा बहुधा वेळ हातात असते. कोणते औषध आणि केव्हा, हे डॉक्टरांना विचारून ठरवता येते. पुष्कळदा गाय आटवताना, शेवटची धार काढून झाल्यावर, चारी सडांत औषधाच्या नळ्या सोडतात. तेव्हा दूध विकायचेच नसते. जंतूला मात्र औषध पुरते लागते. हे त्यातल्या त्यात कमी खर्चाचे आणि चांगले. म्हणून आटवायच्या आधी दवाखान्यात जाऊन या. सरकारी फिरत्या पथकासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

औषधाच्या खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते. आता तुम्हाला वाचता येते. मुदत संपल्याची तारीख आधी वाचा. मग दूध किती तास वापरू नये ते शोधा. ७२ तास लिहिले असेल, तर तीन दिवस. हे तास शेवटच्या मात्रेपासून मोजायचे, पहिलीपासून नाही. मजकूर इंग्रजीत असला, तर शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्या.

दगडीची गाय असेल, तर धारेचा क्रम बदला. आधी निरोगी, शेवटी आजारी. आजारी सड सगळ्यांच्या शेवटी. मग हात साबणाने धुवा. धार झाल्यावर प्रत्येक सड दवाखान्यात मिळणाऱ्या आयोडीनच्या औषधात बुडवा. उघड्या दारावर पहारा बसतो.

आणि एक वही करा. शंभर पानी नको, चाळीस पानी पुरे. पानावर चार चौकोन आखा, प्रत्येक सडाचा एक. पंधरा दिवसांनी एकदा बशीची परीक्षा करायची आणि चौकोनात लिहायचे : तारीख, पातळ की घट्ट. सगळ्यांत वर लिहा : गाईचे वय, कितवे वेत, व्याल्याची तारीख, पूर्वी दगडी झाली होती का, कोणते औषध दिले, किती दिवस दिले. परळच्या खिडकीशी घरधनी बाटली घेऊन उभा राहील, तेव्हा त्याला हेच सगळे विचारतील. तोंडी सांगताना तो तारखा विसरेल, कारण गोठ्यात तो नसतो. म्हणून सुनेने वहीचे ते पान उतरवून चिठ्ठी बाटलीबरोबर द्यावी, आणि बाटलीवरही चिकटपट्टी लावून लिहावे : पुढचा डावा.